क ते ह... आणि उरलेला ळ

एप्रिलचे दिवस किती? तीस. आणि मराठीतली व्यंजनं? चौतीस! शासनाने २००९ साली मराठीची वर्णमाला नव्याने ठरवून दिली, त्यात १४ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजनं आणि क्ष-ज्ञ ही जोडगोळी, असे एकूण ५२ वर्ण आहेत. (त्यात 'ॲ'सुद्धा आहे बरं का. म्हणजे तुमचं ॲप्रायझल आणि त्यानंतरची ॲसिडिटी, दोन्ही आता अधिकृत मराठी स्वराने सुरू होतात!) आता या चौतिसांतून ङ, ञ, ण आणि ळ वजा करा, कारण यांच्यापासून सुरू होणारा शब्द मराठीत शोधून सापडत नाही. जैनांचा णमोकार मंत्र आहे, पण तो थेट प्राकृतातून आलेला. मग उरली किती? बरोब्बर तीस!

एका दिवसाला एक अक्षर. इंग्रजीवाले हाच खेळ ए ते झेड खेळतात. त्यांची २६ अक्षरं आणि चार रविवार सुट्टी, की संपला एप्रिल. आपल्याला मात्र रविवारचीही सुट्टी नाही. मराठी माणूस कष्टाळू, दुसरं काय!

हिशेब असा सॉल्लिड जुळल्यावर गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी एक दोनशे पानी वही आणली आणि नियम ठरवले. एक, अक्षरांचा क्रम बदलायचा नाही. दोन, रोज किमान दीडशे शब्द, हाताने. तीन, विषय एकच, माझं गाव अणदूर. आणि चार, शब्द सुचला नाही तर गुगलला नाही, घरी फोन करून विचारायचं.

अणदूर म्हणजे धाराशिव जिल्हा, तुळजापूर तालुका, सोलापूर-हैदराबाद हायवेवरचं गाव. हैदराबादला जाणारे बहुतेक जण ते खिडकीतून पाहतात, तेही जागे असले तर. मी फ्रीलान्सर. मला शब्दाच्या हिशेबाने पैसे मिळतात. त्या महिन्यात मी एका टाऊनशिपच्या क्लब हाऊसवर लिहिलं, फेस क्रीमवर लिहिलं, एका कंपनीच्या 'वर्क कल्चर'वर लिहिलं. या वहीचा मात्र एक रुपया कोणी देणार नव्हतं. म्हटलं, बघू या काय होतं ते.

हनिमून पीरियड

पहिला आठवडा जाम मजेत गेला. ख म्हटलं की खंडोबाच. आमचा खंडोबा वर्षातला बराचसा काळ अणदूरला असतो आणि थोडा काळ नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. देव एक, गावं दोन, आणि ठरल्या दिवशी वाजतगाजत मुक्काम हलतो. हायब्रीड मोडचा शोध आयटीवाल्यांनी लावला असं वाटणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे यावं! घ ला घोंगडी, छ ला तुळजापूरचा छबिना, ज ला ज्वारी. ठ च्या दिवशी आईने ठेच्याची रेसिपी फोनवर सांगितली आणि वर, "तू करून खाणारेस का नुसती लिहिणारेस?" हेही विचारून घेतलं.

बाराव्या दिवशी ढ आला. बाकी कुठल्या अक्षराचं नाव शिवी म्हणून वापरतात का हो? बिचाऱ्या ढ चं वापरतात. याचं एक गमतीशीर कारण सांगतात. ब्राह्मीपासून आजपर्यंत सगळी अक्षरं बदलत गेली, पण ढ जवळजवळ आहे तसाच राहिला. पुढेच सरकला नाही, म्हणून ढ! दोन हजार वर्षं टिकून राहिल्याबद्दल खरं तर त्याला लाँग सर्व्हिस अवॉर्ड द्यायला हवा.

पण ट ला टँकर लिहिला आणि सहाच दिवसांनी द ला दुष्काळ, तेव्हा लक्षात आलं की वर्णमालेत अंतर असलं तरी गावात या दोन गोष्टी एकमेकींना चिकटूनच असतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली आणि देशभर बातमी झाली. आमच्या गावात रेल्वेच येत नाही. आम्ही घागरी घेऊन टँकरच्या मागे. त्याची बातमी कोण करणार?

उ गेला, ध आला

सोळा तारखेला ध. २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि ऑनलाइन फॉर्म भरताना जिल्ह्यांच्या अकारविल्हे यादीत आमचा जिल्हा उ मधून उठून ध मध्ये जाऊन बसला. अजूनही बोट आधी उ कडेच जातं. 'उस्मानाबादी' शेळी मात्र नाव बदलायला तयार नाही. जात म्हणून तिची नोंदच त्या नावाने आहे. (तिला मी सत्तावीस तारखेला, श मध्ये जागा दिली.)

जुनं नाव निझाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि कारभार चालायचा उर्दूत. म्हणजे माझ्या पणजोबांच्या पिढीला सरकारी कागद वाचायचा तर अलिफ-बे यायला हवं, आणि घरचा हिशेब वाचायचा तर मोडी. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक केवढा भाव आला होता! एखादी लिपी वाचणारं घरात कोणी उरलं नाही, तर आपलेच कागद आपल्याला परके होतात.

भ चा फोन

एकवीस तारीख. भ. मी 'भंडारा' ठरवूनच बसले होते. पिवळाधमक रंग, उधळण, दीडशे शब्द कुठेच गेले नव्हते. नियमापुरता घरी फोन लावला.

"अप्पा, आज भ आलाय."

"मग भंडारा लिही की."

"ते लिहिणारच आहे. अजून काही?"

पलीकडे शांतता. मला वाटलं, रेंज गेली. मग ते म्हणाले, "भूकंप लिहायलीस का?"

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटेचे चार वाजायला आले होते. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. माझा जन्म त्यानंतरचा. शाळेत आमच्यासाठी तो दोन मार्कांचा प्रश्न होता. अप्पा तेव्हा बावीस वर्षांचे. आमच्याकडे भिंतींना तडे गेले, माणसं वाचली. सकाळ झाल्यावर गल्लीतल्या बायकांनी भाकरी थापल्या आणि अप्पा त्या भाकरी घेऊन टेम्पोतून सास्तूरकडे गेले.

त्या भागातली घरं दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी. तीच घरं झोपलेल्या माणसांवर बसली. अप्पा सांगत होते की भाकरी तशाच राहिल्या. खाणारं कोण होतं? त्यांनी टेम्पोतली टोपली खाली ठेवली आणि माती उपसायला लागले. वरून पाऊस. पुढचं त्यांनी अर्धंच सांगितलं. ते अर्धंही मी इथे लिहिणार नाही.

फोन ठेवल्यावर स्क्रीनवर पाहिलं, चौतीस मिनिटं. आमचा नेहमीचा कॉल दीड मिनिटाचा असतो. जेवलीस का, पैसे आहेत का, ठेवतो. अप्पा बारा महिने अंगणात बाज टाकून झोपतात, ऐन थंडीतसुद्धा. आमच्या घरात याचं कारण कोणी कधी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. एकवीस तारखेला मला ते कळलं. त्या रात्री वहीत भंडारा आला नाही.

आता सांगा, एरवी मी हा विषय कधी काढला असता का? "अप्पा, भूकंपाबद्दल सांगा ना," असं कोण म्हणतं घरी? तो प्रश्न मी विचारलाच नाही. भ ने विचारला.

अक्षरांचं वेड

हाच या खेळाचा फंडा आहे, बॉस. आपण मनाने विषय निवडतो तेव्हा आपल्याला जमणारे, छान दिसणारे, लाइक्स मिळवणारे विषय निवडतो. अक्षरांना आपल्या आवडीनिवडीशी देणंघेणं नसतं. उद्या थ आहे म्हणजे थ आहे.

कोशकार हे फार पूर्वीपासून जाणून आहेत. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी करून आले आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या मागे लागले. त्यासाठी चक्क लिमिटेड कंपनी काढली, शेअर विकले. आजच्या भाषेत स्टार्टअपच की! एकूण २३ खंड. त्यातले पहिले पाच तर नुसत्या प्रस्तावनेचे, अकारविल्हे मजकूर त्यानंतर सुरू. पुढे य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात काढले. या मंडळींना 'आज ढ चा कंटाळा आलाय, डायरेक्ट त घेऊ' असं म्हणता येत नव्हतं. माझी तीस पानं त्यांच्यापुढे किस झाड की पत्ती! पण चौदाव्या दिवशी रात्री साडेअकराला, एका क्लायंटची डेडलाईन डोक्यावर असताना, थ साठी 'थांबा' या शब्दावर एसटीच्या थांब्याची गोष्ट लिहीत बसले होते, तेव्हा केतकरांची फार आठवण आली.

तिसावा दिवस

शेवटचं अक्षर ह. हुरडा लिहायचा मोह होता, पण ह ला दुसरा शब्द आधीच ठरलेला होता : हॅलो. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशन आहे. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी इथे राहून खेड्यापाड्यांतल्या बायकांना प्राथमिक उपचार शिकवले आणि 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं. ताप, जुलाब, गरोदर बाईची काळजी, यासाठी गावातच विचारायला एक बाई असणं म्हणजे काय, हे रात्री दोनला गाडी शोधलेल्या माणसालाच कळतं. बाकीचे लोक फोन उचलून हॅलो म्हणतात. आमच्याकडे दुखलं-खुपलं की हॅलोला जातात.

झालं. तीस अक्षरं संपली. वही चाळली आणि एक भलतीच गोष्ट दिसली. महिनाभर अणदूरवर लिहिलं, पण 'अणदूर' हा शब्द एकाही पानाच्या डोक्यावर नाही! कसा असणार? अ हा स्वर, तो खेळातच नव्हता. आणि ण तर पहिल्याच दिवशी वजाबाकीत गेलेला.

मग पेन्सिल घेतली आणि वजा केलेली अक्षरं शोधायला लागले. ळ ला गोल करत गेले. तुळजापूर. नळदुर्ग. उन्हाळा. दुष्काळ. जोंधळा. शेळी. माळवद. य च्या पानावरचा यळकोट तर त्याच्यावरच उभा आहे. कन्नडमध्ये एळु म्हणजे सात, आणि यळकोट म्हणजे सात कोटी, अशी त्याची फोड सांगतात. ज्या अक्षरापासून एकही शब्द सुरू होत नाही, त्याच्याशिवाय आमच्याकडचं एकही पान पूर्ण होत नव्हतं.

पुण्यात आल्यापासून मी गावाचं नाव इंग्रजीत लिहीत आले. त्यात ण चा एन होतो आणि ळ चा एल. एचआरवाली 'अंदूर' वाचते, कुरिअरवाला 'अंडूर'. मग आपण 'सोलापूरजवळ' म्हणून मोकळं होतो. तुमच्यातल्याही कितीतरी जणांचं गाव असंच कुठल्या तरी मोठ्या शहराच्या 'जवळ' असेल. हो ना?

एक मे, महाराष्ट्र दिन, सुट्टी. एकतिसावं पान काढलं आणि वर लिहिलं, ण. खाली, अणदूर. आता कोणी विचारलं, की मी आधी गावाचं नाव सांगते, ण वर जोर देऊन. समोरच्याला नाही कळलं, तर परत सांगते.

तुम्हालाही ट्राय करायचं असेल, तर तीस दिवसांचा कुठलाही महिना चालेल. वही साधी घ्या, महागडी डायरी घेतली तर अक्षर छान काढण्यात वेळ जातो. साधारण नवव्या दिवशी प्रचंड कंटाळा येतो, तो येऊ द्या. शब्द अडला, की फोन घरीच करा. आणि भ च्या दिवशी फोन फुल चार्ज करून ठेवा.