घर आणि शाळा : पास झाला, पण वाचता येते का?

एप्रिल उजाडला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन गोष्टींची गडबड एकदमच सुरू होते. एकीकडे जयंतीची वर्गणी, मंडप आणि पताका. दुसरीकडे पोरांच्या वार्षिक परीक्षा. मग निकाल लागतो आणि शाळेला जे कुलूप लागते ते जूनच्या मध्यालाच निघते. विदर्भात उन्हाचा कहर असतो म्हणून तिकडच्या शाळा आणखी आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात. मधल्या या दीड महिन्याला आपण 'पोरांची सुट्टी' म्हणतो. कुणी मामाच्या गावाला जाते, कुणी आईबरोबर कामावर, तर कुणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवस काढते. सुट्टी मुलांच्या हक्काचीच आहे, तीत खेळ हवाच. पण प्राथमिक शाळेतल्या मुलाचे पुढचे वर्ष कसे जाणार, हे बरेचसे याच दीड महिन्यात ठरते. म्हणून आजचे सदर निकालाच्या दिवसापासून सुरू करू.

निकालाच्या दिवशी पोर प्रगतिपुस्तक घेऊन घरी येते. आपण विचारतो, "पास झालास ना?" ते "हो" म्हणते. आपण पेढा नाहीतर भेळ आणतो आणि विषय संपतो. पण माताभगिनींनो, पहिली ते चौथीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवत नाहीत. वरच्या वर्गात गेले म्हणजे त्याला ते सगळे आले, असा याचा अर्थ होत नाही. पहिल्यांदा अडते ते पाचवीत. २०२३ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. तीत नापास झालेल्या मुलाची पुन्हा परीक्षा होते. तीतही जमले नाही तर मूल त्याच वर्गात राहते. मग घरात एकदम आरडाओरडा होतो. खरे तर कच्चे राहिलेले असते दुसरी-तिसरीत, आणि ते तेव्हाच कळायला हवे होते.

शंभरातील अठरा

१२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नुकतेच सभासद झाले होते. त्यांनी सभागृहापुढे एक आकडा ठेवला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात, असे त्यांनी सांगितले. प्राथमिक शाळेच्या दारातून आत गेलेले मूल बाहेर पडेल ते जन्मभर टिकणारी साक्षरता घेऊनच बाहेर पडले पाहिजे, आणि हाच प्राथमिक शिक्षणाचा हेतू आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. तळ्याची तारीख आपल्या सर्वांना पाठ आहे. विधिमंडळातले हे भाषणही तेवढेच लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आज काय स्थिती आहे? शाळेत नाव नसलेले मूल आता क्वचितच सापडते. देशाच्या ग्रामीण भागात सहा ते चौदा वयाच्या शंभरातील अठ्ठ्याण्णव मुलांची नावे पटावर आहेत. मात्र २०२४ च्या 'असर' पाहणीत याच ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधील तिसरीच्या मुलांना दुसरीचा उतारा वाचायला दिला, तेव्हा शंभरातील सुमारे २३ मुलांनाच तो वाचता आला. पाचवीच्या मुलांपैकी तोच उतारा सुमारे ४५ जणांना वाचता आला. करोनाच्या बंदनंतर, २०२२ साली, हे आकडे याहून खाली होते. म्हणजे सुधारणा होते आहे, हेही सांगितले पाहिजे. पण १९२७ मध्ये जी मुले शाळेबाहेर जाऊन निरक्षर होत होती, त्यांच्यासारखीच कितीतरी मुले आज वर्गात बाकावर बसून मागे राहत आहेत. पटावर नाव असल्यामुळे ती कुणाच्या नजरेत येत नाहीत. आईबापांच्या तर नाहीच, कारण दिवसभर मजुरी करून आलेल्या माणसाला पोराचे दप्तर उघडायला उसंत कुठे मिळते?

घरच्या घरी तपासणी

ही तपासणी घरी करता येते. तिला पैसा लागत नाही आणि आईबापांना लिहितावाचता यावेच लागते असेही नाही.

'असर'च्या पाहणीत मुलाच्या हातात एक कागद देतात. त्यावर आधी सुटी अक्षरे, मग साधे शब्द, मग चार ओळींचा सोपा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. मूल यात कुठपर्यंत पोचते ते पाहतात. आपणही तसेच करावे. मूल तिसरीत किंवा चौथीत असेल तर त्याच्यापुढे दुसरीचे मराठीचे पुस्तक ठेवावे आणि मधलेच एखादे पान मोठ्याने वाचायला सांगावे. पहिला धडा नको, तो पाठ असतो. मूल अक्षराला अक्षर जोडत अडखळते, की बोलल्यासारखे वाचते, हे कान देऊन ऐकले तरी कळते. वाचून झाल्यावर पुस्तक मिटायला सांगावे आणि विचारावे, "आता यात काय होते ते मला सांग." ज्या माउलीला अक्षरओळख नाही तिनेही हे विचारावे. मुलाने सांगितलेले मनात ठेवावे आणि नंतर शेजारच्या नववी-दहावीतल्या मुलीकडून तेच पान वाचून घ्यावे. दोन्हींचा मेळ बसला तर काळजी नाही. बसला नाही तर कुठे काम करायचे ते समजले.

मूल अडखळले म्हणून त्याला मारू नये. चारचौघांत "ढ" म्हणू नये. अपमान झालेले पोर पुस्तकाला हात लावायचे टाळते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

मग सुट्टीत करायचे एवढेच : रोज पंधरा-वीस मिनिटे मोठ्याने वाचन. वेळ ठरलेली असावी. सकाळी पाणी भरून झाल्यावर किंवा रात्री जेवणानंतर, जसे घरात जमेल तसे. गेल्या वर्षाची पुस्तके शाळेने परत मागितली नसतील तर ती रद्दीत घालू नयेत. सुट्टीतल्या वाचनाला तीच सर्वांत चांगली, कारण चित्रे आणि शब्द ओळखीचे असतात. हा अंक घरात येतोच, यातले मथळेही वाचून घ्यावेत. दुकानाच्या पाट्या, एसटीवरची गावांची नावे, किराणाची यादी हे सगळे वाचनच आहे. वस्तीतल्या विहारात किंवा समाजमंदिरात संध्याकाळी तासभर दहा-बारा पोरे एकत्र बसवून कॉलेजातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने वाचून घेतले, तर त्याहून चांगले काही नाही. जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशात गोष्टींची पंचवीस-तीस पुस्तके सहज येतात. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी याचा विचार करावा.

पहिलीत जाणाऱ्यांचे 'पहिले पाऊल'

आता यंदा पहिलीत जाणाऱ्या मुलांकडे वळू. २०२२ पासून आपल्या राज्यात शाळापूर्व तयारी मेळावे घेतले जातात. त्यांना 'पहिले पाऊल' असे नाव दिले आहे. पहिला मेळावा एप्रिलच्या सुमारास, तर दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना होतो. शाळेत सात टेबले मांडलेली असतात. पहिल्यावर नाव नोंदवतात. पुढे मूल दोरीवरून उडी मारते का, कागद फाडून चिकटवते का, लहान-मोठे ओळखून वस्तू वेगळ्या करते का, अनोळखी माणसाशी बोलते का, चित्र पाहून गोष्ट सांगते का, मणी मोजते का, हे खेळाखेळातून पाहतात. शेवटच्या टेबलावर पालकांना सुट्टीत काय करायचे ते सांगतात. मुलाची नोंद विकासपत्रावर होते. जूनमध्ये पुन्हा तेच करून पाहतात आणि मधल्या काळात मूल किती पुढे गेले ते समजते.

ही परीक्षा नव्हे. इथे कुणी नापास होत नाही आणि प्रवेश अडत नाही. तरीही आपल्याकडच्या पुष्कळ आया "आम्हाला काय कळतंय" म्हणून मेळाव्याला जात नाहीत. त्यांनी आवर्जून जावे, कारण या कार्यक्रमाचा सगळा भार आईवरच ठेवला आहे. वस्तीतल्या मातांचे छोटे गट करतात आणि आठवड्याला एक कार्ड देतात. त्यावर घरातच करायच्या कृती असतात. पाहा, त्या कशा असतात : डाळ आणि तांदूळ वेगळे करणे, भाकरी मोजणे, ताटल्या लहानमोठ्या क्रमाने लावणे, शर्टाची बटणे स्वतः लावणे, दिवसभर काय काय केले ते रात्री सांगणे. बटण लावताना बोटांना जे वळण लागते तेच पुढे पेन्सिल धरताना कामी येते. धुणीभांडी करून दमून आलेली बाईसुद्धा पोळ्या लाटता लाटता पोराशी एवढे बोलू शकते. "किती पोळ्या झाल्या? आणखी दोन केल्या तर किती?" हा गणिताचा धडाच आहे.

नाव घालताना घाबरू नका

प्रवेशाच्या वेळी आपल्या माणसांना कागदपत्रांची धास्ती वाटते. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या चार गोष्टी पाठ असू द्याव्यात. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या शाळेतून दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाकारता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची परीक्षा घेता येत नाही, देणगीही मागता येत नाही. आणि मुलाला मारण्यास मनाई आहे.

ऊसतोडीला गेलेली कुटुंबे याच सुमारास कारखान्यावरून गावी परततात. पोरांचे चार-पाच महिने बुडालेले असतात. मोठी मुलगी तर भावंडे सांभाळायला म्हणून कोपीवरच राहिलेली असते. "आता तिला कुठे वर्गात बसवणार" म्हणून तिला कायमची घरी ठेवू नये. अशा मुलीला तिच्या वयाच्या वर्गात घ्यावे आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी खास शिकवावे, असे याच कायद्याचे चौथे कलम सांगते. निकालाच्या गर्दीआधीच मुख्याध्यापकांना भेटून तिचे नाव काढू नका म्हणून सांगावे.

खाजगी इंग्रजी शाळेचा मोह आज घरोघरी आहे. त्यासाठी कर्ज काढण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना मोफत आहेत. सरकारी किंवा अनुदानित शाळा जवळ असेल तर खाजगी शाळांना यातून सूट देण्याचा नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. अर्ज ऑनलाईन असतो, सोडत निघते आणि जातीचा दाखला लागतो. म्हणून दाखल्याची तयारी सुट्टीतच करून ठेवावी. दुसरी गोष्ट अशी, की फी कितीही असो, घरी करायची तपासणी तीच. इंग्रजी कविता घडाघडा म्हणणाऱ्या मुलालाही कधी न पाहिलेले पान वाचायला सांगून अर्थ विचारावा.

शेवटचे एक. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत, असेही कायद्यात आहे. बऱ्याच ठिकाणी आपल्या बायांची नावे कागदावर असतात आणि रजिस्टर सहीसाठी घरी येते. जूनमध्ये शाळा उघडली की बैठकीची तारीख विचारावी, त्या दिवशीची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली तरी जावे, आणि गुरुजींना किंवा बाईंना एकच प्रश्न आदराने विचारावा : "आमच्या वर्गातल्या किती मुलांना वाचता येतं?" हा प्रश्न दर बैठकीत कुणीतरी विचारते, हे एकदा शाळेला कळले की शिकवणाऱ्यांचेही लक्ष मागे राहिलेल्या मुलाकडे जाते.

तूर्त निकालाच्या दिवशी पेढा जरूर आणावा. आधी पोराला जवळ बसवून एक पान वाचून घ्यावे, मग तोंड गोड करावे.