सावली राहू द्या!

वधू-वर मेळाव्याच्या कामामुळे परभणीतल्या कितीतरी मुलींचे फोटो माझ्या हाताखालून जातात. हल्ली प्रत्येक चेहरा पिठात घोळल्यासारखा. नाकाशेजारची, हनुवटीखालची सावली पार पुसलेली!

मैत्रिणींनो, आपल्या घराघरांत लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी पोचवल्या त्या राजा रविवर्मांनी. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला. पण हा माणूस मूळचा तैलचित्रांचा. (त्यांची बहीण मंगलाबाईही चित्रं काढायची, हे किती जणींना ठाऊक आहे?) तेलरंग सावकाश वाळतो, म्हणून उजेडातला रंग अंधारात हळूहळू मिसळता येतो. एका बाजूने उजेड घ्यायचा, दुसरी बाजू सावलीत सोडायची. मग सपाट कापडावर नाक उठून दिसतं, गाल भरतो, माणूस जिवंत होतो. त्यांच्या देवी मात्र गोऱ्याच, हे मला खटकतंच.

‘काकू, काळा फोटो दिला तर स्थळच येत नाही हो,’ एक आई म्हणाली. खरंय तिचं. पण गोरा फोटो बघून आलेली मंडळी मुलगी समोर आल्यावर एकमेकांकडे बघतात, तेव्हा हातात पोह्यांचा ट्रे धरलेल्या त्या पोरीने कुठे बघायचं?