ठोकळ्यांचा खेळ आणि स्वतंत्र रचना

शाळेच्या प्रदर्शनात हल्ली दोन तऱ्हेच्या वस्तू मांडलेल्या दिसतात. एक तऱ्हा बाजारातून तयार आणलेल्या अथवा वडीलमाणसांच्या हातून घडलेल्या सुबक वस्तूंची. दुसरी तऱ्हा मुलाने आपल्या अकलेने रचलेल्या, किंचित वेड्यावाकड्या वस्तूंची. पाहणारा पहिलीपुढे थांबतो आणि दुसरीवरून नजर फिरवून पुढे जातो. ही रीत अन्यायाची तर आहेच, पण शिक्षणाच्या दृष्टीने घातकही आहे, असे माझे मत आहे; आणि ते मी एका खेळण्याच्या आधाराने विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे मांडू इच्छितो.

हे खेळणे म्हणजे एकमेकांत बसणारे रंगीत ठोकळे. डेन्मार्क देशातील बिलुंड नावाच्या खेड्यात ओले कर्क क्रिस्टियान्सेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. 'उत्तम खेळ' अशा अर्थाच्या डॅनिश शब्दांवरून त्याने आपल्या कारखान्यास 'लेगो' हे नाव दिले. आजच्या बांधणीच्या ठोकळ्याचे एकस्व १९५८ साली मागण्यात आले. ठोकळ्याच्या वरच्या अंगास गोल उंचवटे आणि आतल्या अंगास नळ्या असतात. उंचवटे वरच्या ठोकळ्यात घट्ट अडकतात, आणि मनात येईल तेव्हा सोडवताही येतात. खेळण्याची सारी करामत एवढ्यातच आहे. परंतु तिचा विस्तार पाहा: आठ उंचवट्यांचे, एकाच रंगाचे अवघे सहा ठोकळे घेतले, तर ते एकमेकांस जोडण्याच्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ रीती होतात, असा हिशेब गणितज्ञांनी केला आहे. मग डब्यावर जे एक चित्र छापलेले असते, ते ह्या अफाट संख्येतील केवळ एक होय!

जगात असे हजारो हौशी लोक आहेत, की जे हे चित्र व त्यासोबतचा सूचनांचा कागद बाजूस ठेवतात आणि आपल्या मनातील वस्तू रचतात. कोणी आपल्या गावचा पूल रचतो, कोणी आजोबांचे घर, तर कोणी चालते घड्याळ. एलेन कोइमान ह्या भूरसायनशास्त्राच्या संशोधक बाईंचे उदाहरण मुलींनी अवश्य ध्यानात ठेवावे. ठोकळ्यांसोबत येणाऱ्या बाहुल्यांत स्त्रिया थोड्या, आणि प्रयोगशाळेत काम करणारी स्त्री तर क्वचितच, हे त्यांच्या नजरेस आले. तेव्हा त्यांनी स्वतःच तीन शास्त्रज्ञ स्त्रिया रचल्या: एक दुर्बिणीपाशी, एक रसायनांच्या मेजापाशी आणि एक प्राचीन प्राण्याच्या सांगाड्यापाशी. दहा हजार लोकांनी त्या रचनेस पाठिंबा दिला आणि २०१४ साली कंपनीने ती विक्रीस आणली. जे डब्यात नव्हते ते एका बाईच्या निरीक्षणातून डब्यात आले. स्वतंत्र रचनेचे सामर्थ्य ते हेच.

येथे पालक म्हणतील, "गुरुजी, हे ठोकळे महाग, आमच्या मुलांनी काय करावे?" हा प्रश्न रास्त आहे. पण रचनेचा गुण ठोकळ्यात नसून रचणाऱ्यात असतो. आपल्या वऱ्हाडात ज्वारीची सुगी झाली की पोरे धांड्याची साल सोलतात, गाभ्याचे तुकडे करतात आणि सालीच्या काड्या त्यांत खोचून बैलगाडी बनवितात. गाभा हा ठोकळा आणि साल हा खिळा! पोळ्याच्या सुमारास काळ्या मातीचे बैल घडतात. पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीस मुले दगड, माती व गोणपाट घेऊन अंगणात किल्ले उभारतात, आणि त्यांवर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवितात. ह्या खेळांस सूचनांचा कागद कधीच नव्हता.

पुण्यात अनेक वर्षे मुलांसाठी काम केलेले श्री. अरविंद गुप्ता ह्यांनी तर टाकाऊ वस्तूंतूनच विज्ञान शिकविले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे एवढ्या साहित्यावर त्यांनी मुलांकडून नाना आकृती करवून घेतल्या. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आपला आकार सोडीत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच तिरपा होतो. छपराच्या कैचीत आणि लोखंडी पुलात जागोजागी त्रिकोण का असतात, हे ज्या मुलाने आपल्या बोटांनी अनुभविले, त्यास ते पाठ करावे लागत नाही.

आता वाईट वाटण्याजोगी गोष्ट ही, की दिवाळीचा किल्लाही आता बाजारात तयार मिळू लागला आहे. प्लॅस्टरचा बुरूज, प्लॅस्टरचा दरवाजा. आणून ठेवला की काम संपले. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. रायगड, राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग ही नावे त्यांत आहेत. त्यांचा गौरव तयार किल्ला विकत आणून होईल काय? ज्या मुलाने दरवाजा कोठे काढावा, पाणी कोठे साठवावे, वाट कोठून वळवावी ह्याचा विचार करीत माती थापली, त्यासच गड बांधणाऱ्याची बुद्धी थोडीबहुत कळेल.

रचण्याजोग्या वस्तूंसाठी बीबीच्या विद्यार्थ्यांस दूर जावयास नको. आपल्याच तालुक्यात लोणारचे सरोवर आहे. उल्केच्या आघाताने काळ्या बेसाल्ट खडकात पडलेला हा खळगा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि सुमारे १५० मीटर खोल आहे. काठावरून खाली पाहताना तो फारच खोल भासतो, म्हणून मुले त्याची प्रतिकृती करताना बहुधा विहिरीसारखी करतात. पण १ किलोमीटरास १० सेंटिमीटर हे प्रमाण धरून रचू गेले, तर रुंदी १८ सेंटिमीटर येते आणि खोली अवघी दीड सेंटिमीटर, म्हणजे लेगोचा सुमारे दीड ठोकळा! लोणारचा खळगा विहीर नसून पसरट परात आहे, हे डोळ्यांना न दिसलेले सत्य हातांना कळते. प्रमाण हा गणिताचा धडा ह्याहून चांगला कोणत्या फळ्यावर शिकविता येईल?

त्याच गावातील दैत्यसूदनाचे देऊळ पाहावे. त्याचा तळ ताऱ्याच्या आकाराचा आहे; चौकोनी ठोकळ्यांनी तो कसा साधावा ह्यावर आठ दिवस डोके चालवावे लागेल. शिवाय हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बांधकामात दगड चुन्याने चिकटविलेले नसतात. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खाचेत बसवून, दगडाच्या वजनावरच ते उभे राहते. डेन्मार्कच्या ठोकळ्याची युक्ती आपल्या पाथरवटांस शतकानुशतके ठाऊक होती, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. आणि शेजारच्या सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवरावांचा वाडा, जिजाऊंचे जन्मस्थान, आहेच.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला, की कागद पाहून रचणे वाईट आहे काय? मुळीच नाही. कित्ता गिरविल्यावाचून अक्षर वळत नाही. परंतु जन्मभर कित्ताच गिरविणाऱ्यास पत्र लिहिता येत नाही, हेही खरे. पहिल्यांदा कागदाप्रमाणे रचावे, मग मोडावे आणि दुसऱ्यांदा आपले रचावे. दुसरा आक्षेप परीक्षेचा. वेळ वाया जातो, असे पालकांस वाटते. पण रचना तीनदा कोसळल्यावर चौथ्यांदा पाया रुंद करणारे मूल जो धीर व जो तर्क शिकते, तोच गणिताचे अवघड उदाहरण सोडविताना उपयोगी पडतो.

म्हणून पालकांस माझी विनंती आहे, की मुलाच्या रचनेस हात लावण्याचा मोह आवरावा. साहित्य द्यावे, सुरी चालविताना जवळ बसावे, प्रश्न विचारावेत. पण वाकडा बुरूज सरळ करू नये. तो वाकडा का झाला, हे त्याचे त्यास शोधू द्यावे. आणि परीक्षकांनी प्रत्येक वस्तूपुढे मुलास उभे करून तीन प्रश्न विचारावेत: हे तू कोठे पाहिलेस? मापे कशी घेतलीस? काय मोडले आणि ते कसे सावरलेस? ह्या प्रश्नांची उत्तरे ज्यास देता येतील, त्याचे साहित्य धांड्याचे असो वा विलायती ठोकळ्याचे, बक्षीस त्यासच मिळावे. मग ज्याच्या घरी पैसा आहे त्याचीच वस्तू वरचढ ठरते, ही गरीब मुलांच्या मनातील बोच आपोआप नाहीशी होईल, आणि सधन मुलांसही स्वतः काही केल्याचे समाधान लाभेल.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी घरे बांधील, कोणी यंत्रे सुधारील, कोणी शेतात पाण्याची नवी सोय करील. त्या कामांचे चित्र कोणत्याही डब्यावर छापलेले नसेल. ते आधी मनात पाहून मग हातांनी उभे करावे लागेल. त्याचा अभ्यास आजच्या खेळातच सुरू करा.