पाच ओळींचा अभिप्राय

आमच्या थोरल्या बंधूंची नात उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेली, त्यास आता दोन वर्षे होतील. तिच्या प्रयाणाच्या वेळी घरात लाडू किती वळले गेले आणि डोळे किती पुसले गेले, हा वृत्तान्त आम्ही याच सदरात दिला होता. वाचकांस तो कदाचित स्मरत असेल. तेथे गेल्यावर मुलीने अभ्यासाखेरीज आणखी एक उद्योग अंगावर घेतला आहे. आठवड्यातून दोन सायंकाळी ती गावातील सामुदायिक नभोवाणी केंद्रावर जाते आणि नव्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांवर अभिप्राय लिहिते. वेतन नाही, चहादेखील आपला आपण करून घ्यावयाचा आणि कप विसळून ठेवावयाचा. तिच्याकडे तीन दालने सोपविली आहेत: जॅझ, ब्लूज आणि ज्यास ते लोक 'जागतिक संगीत' म्हणतात ते. हे वर्तमान कळताच आमच्या वहिनी म्हणाल्या, "अगबाई, हिला गाण्यातले इतके कळू लागले कधी?" मुलगी येथे असताना पाच वर्षे पेटी शिकली आणि भूपाच्या पुढे फारशी सरकली नाही, हे पाहता प्रश्न रास्तच होता.

सामुदायिक नभोवाणी म्हणजे सरकारचीही नव्हे आणि व्यापाऱ्याचीही नव्हे अशी. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे लुइस हिल नामक गृहस्थाने १९४९ साली के.पी.एफ.ए. हे केंद्र श्रोत्यांच्या वर्गणीवर चालविण्यास आरंभ केला. जाहिरात घ्यावयाची नाही, हा त्याचा निर्धार. न्यू ऑर्लिअन्स शहरात १९८० साली निघालेले डब्ल्यू.डब्ल्यू.ओ.झेड्. हे केंद्र त्या शहराच्या जॅझ-ब्लूजलाच वाहिलेले असून तेथे कार्यक्रम सादर करणारी मंडळी स्वयंसेवक असतात. आपल्याकडे २००६ च्या धोरणाने अशी केंद्रे चालविण्याची मुभा सेवाभावी संस्थांस मिळाली. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे 'माणदेशी तरंग' ऐकू येते ते त्याच वाटेने.

आता या केंद्रांवरील अभिप्राय ही चीज काय आहे, ते सांगितले पाहिजे. कारण आम्हीही आरंभी तिची गणना वर्तमानपत्री परीक्षणांत केली होती. तो छापला जात नाही. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर एक लहानसा कागद चिकटविलेला असतो, त्यावर पाच-सहा ओळी. कोणता तुकडा वाजवावा, तो किती मिनिटांचा, गती संथ की जलद, आरंभी शांतता आहे काय, आणि कोठे अश्लील शब्द आहे काय, इतके त्यात यावयाचे. शेवटची बाब थट्टेची नाही. सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात असभ्य शब्द नभोवाणीवरून जाऊ देण्यास अमेरिकेत कायद्याची बंदी आहे, व त्याबद्दल केंद्रास दंड होऊ शकतो. ब्लूजच्या जुन्या गाण्यांत तर उघड शब्द थोडा आणि श्लेष फार. स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे वर्णन चालले आहे असे वाटते आणि श्रोते मात्र भलतेच हसत असतात. आमच्या नातीने एका गाण्याबद्दल आमचे मत विचारले, तेव्हा आम्ही इतकेच कळविले की लावणी वाचलेल्या मनुष्यास यात नवे काही नाही. मात्र कायद्याने श्लेष पकडता येत असेल असे वाटत नाही.

तर हा कागद वाचतो कोण? रात्री दोन वाजता एकटा बसलेला एखादा स्वयंसेवक. त्याच्यासमोर नव्या ध्वनिमुद्रिकांची चळत असते, एक गाणे संपत आलेले असते, आणि पुढचे निवडावयास हाताशी दोनच मिनिटे असतात. त्या पाच ओळी बऱ्या असल्या तर कोणा अनोळखी गवयाचे गाणे गावभर जाते, नसल्या तर ते कपाटात राहते. वर्तमानपत्रातील परीक्षकास वाचक शिव्या तरी देऊ शकतो. या कागदावर अपील नाही.

हे मुलीस कळले ते एका फजितीने. पश्चिम आफ्रिकेतील एका गवयाची ध्वनिमुद्रिका तिच्याकडे आली. भाषा अगम्य, आवाज खर्जातला, तंतुवाद्याची एकच लकेर पुनःपुन्हा. तिने लिहिले की हे गूढ व ध्यानमग्न संगीत असून पहाटेच्या समयास योग्य आहे. दोघा-तिघांनी ते पहाटे वाजविले. चौथ्या दिवशी त्या देशातील एका गृहस्थांचा दूरध्वनी आला. ते हसत होते. ते गाणे लग्नात व्याह्यांची टिंगल करण्याचे होते! मुलगी दोन दिवस घरी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आम्हांस म्हणाली, "आजोबा, मी ते गाणे ऐकलेच नव्हते. दुरून येते म्हणून पवित्र असेल, असे धरून चालले होते."

या चुकीचा दोष सर्वस्वी तिचा नाही. दालनावरील पाटीचाही आहे. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या एका मद्यगृहात काही लहान ध्वनिमुद्रिका-कंपन्यांचे चालक जमले. माली, बल्गेरिया, पाकिस्तान असा सारा माल दुकानदार कोणत्या फळीवर ठेवणार, ही त्यांची अडचण. तीवर त्यांनी 'जागतिक संगीत' हे नाव काढले. नाव चालले. ग्रॅमी पारितोषिकांतही ते शिरले आणि २०२० साली आक्षेप फार झाल्यावर त्यात शब्दाची अदलाबदल करण्यात आली. अमेरिकेत हाच प्रकार आधी एकदा घडून गेला होता. १९२० साली मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ब्लूजची तबकडी अफाट खपली, तेव्हा व्यापाऱ्यांनी कृष्णवर्णीयांसाठी निराळी फळी केली आणि तीस वंशाचेच नाव दिले; 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने ते टाकून दिले ते १९४९ साली. पाटी दुकानदाराच्या सोयीची असते. ऐकणारा तिच्यावरून गाणे ओळखू लागला म्हणजे व्याह्यांची टिंगल ध्यानधारणेत जमा होते.

फाजील भक्तीची ही तऱ्हा. फाजील तिरस्काराची आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिली आहे. डॉ. बाळकृष्ण केसकर १९५२ पासून दहा वर्षे केंद्रात नभोवाणीमंत्री होते. माणूस विद्वान, संगीताचा जाणकार, आणि शास्त्रीय गायन घरोघर पोचावे ही तळमळ खरी. परंतु त्यांच्या कारकीर्दीत चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला? लोकांनी सुई फिरवून सिलोन लावले. आमचे वडील डॉ. केसकरांचे मोठे पुरस्कर्ते. आणि त्यांचेच धाकटे बंधू बुधवारी रात्री आठ वाजता शेजारी 'बिनाका' ऐकावयास जात, ते 'बुद्धिबळ खेळून येतो' असे सांगून. शेवटी १९५७ साली विविध भारती काढावी लागली. त्या चित्रपटगीतांत जॅझही होतेच. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी या अमेरिकन वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला. त्यानंतरच्या काळात गोव्याचे ख्रिस्ती वादक त्या विद्येत तरबेज झाले आणि हॉटेलांतून चित्रपटांत गेले. हळदोण्याचे आंतोनियो वाझ, ज्यांस जग 'चिक चॉकलेट' म्हणे, ते आपल्या सी. रामचंद्रांचे साहाय्यक होते. नातीने पाठविलेले जुने जॅझ आम्ही घरात लावले, तेव्हा वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "हे तर 'अलबेला'सारखेच वाजते आहे." वहिनींस कोणी पाटी दाखविली नव्हती.

ब्लूजविषयी आम्हांस जे उमगले ते आमच्या परिभाषेत सांगतो; जाणत्यांनी हसू नये. रूढ ब्लूजचे कडवे बारा मापांचे, प्रत्येक माप चार मात्रांचे. म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रा. ओळी तीन: पहिली, तीच पुन्हा, आणि तिसरी तिचे उत्तर. प्रत्येक ओळ सोळा मात्रांची. त्रितालाचे बरोबर एक आवर्तन! मात्र मात्रेची चाल डुलणारी असते, आपल्यासारखी सरळ नव्हे. पहिल्या ओळीस आधार षड्जाचा, दुसरीच्या आरंभी आधार मध्यमावर सरकतो, तिसरी पंचमावरून घरी परत येते. म्हणून तेच शब्द दुसऱ्यांदा आले तरी कंटाळा येत नाही. पायाखालची जमीन बदललेली असते. गायक साधारण अर्धी ओळ गातो आणि उरलेल्या अर्ध्यात गिटार त्यास उत्तर देते. आणि गांधार? तो कोमलही नाही, शुद्धही नाही. दोहोंच्या मध्ये कोठेतरी, कण्हल्यासारखा. पेटीवर तो निघतच नाही. पडद्यांच्या वाद्यावर तो काढावयाचा तर तार ओढावी लागते किंवा तारेवरून काही घासत न्यावे लागते. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतील टटवायलर स्थानकावर गाडीची वाट पाहत असता एक दरिद्री मनुष्य गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवीत असलेला डब्ल्यू. सी. हँडी यांनी पाहिला, आणि असले विचित्र संगीत आपण कधी ऐकले नव्हते, अशी नोंद पुढे आत्मचरित्रात केली. ती सुरी म्हणजेच आपली मींड.

याच वाटेने दोन देश खरोखर कसे भेटतात, हे ऐकावयाचे असेल तर १९९३ साली प्रसिद्ध झालेली 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ही ध्वनिमुद्रिका वाचकांनी मिळवावी. जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट आपल्या मोहनवीणेवर आणि अमेरिकेचे राय कूडर गिटारवर, दोघांच्याही हाती तारेवरून घासत न्यावयाचा तुकडा. तबल्यास सुखविंदर सिंग, आणि कूडर यांचा चौदा वर्षांचा मुलगाही तालवाद्य घेऊन बसलेला. पूर्वीची ओळख जवळजवळ नाही. तरी दोघे एकमेकांचे वाक्य पुरे होऊ देतात. एक बोलत असता दुसरा थांबतो. आमच्या घरी जेवणाच्या पंगतीतदेखील हे साधत नाही.

आता मूळ प्रसंग. गेल्या पावसाळ्यात मुलीकडे एक नवी ध्वनिमुद्रिका आली: सतार, तबला, सॅक्सोफोन, गिटार आणि तो उभा धरावयाचा मोठा बास. वादक तेथेच वाढलेले तरुण. सतारियाचे आडनाव अस्सल कोकणस्थी. केंद्रावर सतारीचा आवाज निघाला की वस्तू आपोआप हिच्या पुढ्यात येते. तिने ऐकले, तिला आवडले नाही, आणि तिने दूरध्वनीवर आम्हांस सल्ला विचारला. आम्ही म्हणालो, "बाळ, आपलीच मुले आहेत, परदेशात धडपडताहेत. गोड लिही."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, बाबा तुमच्या वर्गात होते तेव्हा तुम्ही त्यांना संस्कृतात छत्तीस गुण दिले होतेत. आपलाच मुलगा म्हणून चाळीस का नाही दिलेत?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. ते छत्तीस आमच्या पुतण्याने अद्याप विसरलेले नाहीत, आणि खरे सांगावयाचे तर त्यांतलेही दोन आम्ही हात सैल सोडून दिले होते. आम्ही तिला म्हणालो, "तीन दिवस दे; मीही ऐकतो."

तीन रात्री ऐकले. पहिल्या तीन तुकड्यांत सतार बागेश्रीचे एक वळण घेऊन प्रस्तावना करते आणि निघून जाते. मग खाली सुरावटीचे आधार बदलू लागतात. षड्जच जागचा हलल्यावर राग उभा राहणार कोठे? तबला त्रितालाचा ठेका धरून बसतो, पण खालीकडे कोणाचे लक्ष नाही. सॅक्सोफोन वाटेल तेथून आत शिरतो. पदार्थ परका वाटू नये म्हणून वरून कोथिंबीर भुरभुरावी, तसा हा प्रकार. मुलीचे बरोबर होते. आम्ही गोड लिहावयास सांगितले होते ते न ऐकताच. व्याह्यांच्या गाण्यास तिने जे केले, तेच आम्ही या आडनावास केले.

परंतु चौथ्या तुकड्याकडे तिचेही लक्ष नव्हते. पहिल्या तिहींस कंटाळून तिने तो अर्ध्यावर सोडला होता. तेथे सतार व सॅक्सोफोन दोन्ही नाहीत. बास, तबला आणि गिटार, इतकेच. संथ ब्लूज. तबलजीने ओळीच्या आरंभी सम धरली आहे, आणि गिटारचे उत्तर जेथे यावयाचे तेथेच, नवव्या मात्रेस, त्याची खाली पडते. डग्गा मिटतो आणि त्या मोकळ्या जागेत गिटार बोलते. या पोराने दोन्ही विद्या शिकून, मग विचार केला आहे. आम्ही रात्री साडेअकरा वाजता बंधूंस उठवून ते ऐकविले. ते म्हणाले, "बरे आहे, आता निजू दे." मुलीस कळविले, तेव्हा तिने पुन्हा ऐकले आणि रात्री उलट दूरध्वनी केला, बराच वेळ ती नुसत्या मात्राच मोजून दाखवीत होती.

तिने शेवटी लिहिले ते मराठीत असे: "सतार, तबला, सॅक्सोफोन, गिटार, बास. पहिल्या तीन तुकड्यांत सतार दारापर्यंत येते, आत येत नाही. चौथा वाजवा: सात मिनिटे, संथ; तबला जेथे हलका होतो तेथे गिटारचे उत्तर ऐका. पाचव्याच्या आरंभी वीस सेकंद शांतता आहे, यंत्र बिघडले असे समजू नये. आक्षेपार्ह शब्द नाहीत, शब्दच नाहीत."

आम्ही त्यात एकही दुरुस्ती केली नाही. चौथा तुकडा त्या आठवड्यात चौघांनी वाजविला, असे ती सांगते. पहिले तीन कोणी वाजविले नाहीत. तो सतारिया वहिनींच्या माहेरकडून कोणाचा भाचा लागतो की काय, याचा शोध सध्या आमच्या घरी चालू आहे, आणि लागत असल्यास त्याच्या आईस काय सांगावयाचे, यावर एकमत झालेले नाही.