स्वदेशात ‘एथ्निक’!

‘बिझनेस कॅज्युअल’ म्हणजे टाय नको, पण कॉलर हवी. कोट नको, पण बूट हवेत. मुंबईच्या मे महिन्याशी या नियमाचा संबंध काय, हे आमचे व्यवस्थापक विचारीत नाहीत. जपानने विचारले! २००५ साली तेथील सरकारने ‘कूल बिझ’ मोहीम काढून उन्हाळ्यात कार्यालयांचे वातानुकूलन २८ अंशांवर ठेवावयास सांगितले, कोट-टाय उतरविले. पंतप्रधान कोइझुमी स्वतः टायविना वावरले. आमच्याकडे मात्र २०१४ साली चेन्नईतील एका क्लबने वेष्टी नेसलेल्या न्यायमूर्तींना अडविले आणि तामिळनाडू विधानसभेस कायदा करावा लागला. अनेक कंपन्यांत तर सुती सदरा-लेंगा दिवाळीपुरताच चालतो. त्या दिवसाला म्हणतात ‘एथ्निक डे’. स्वतःच्याच देशात आम्ही एथ्निक! मग उरलेले वर्षभर आम्ही कोण?