तंटा मिटला, पण कोणी मिटवला?

भंडाऱ्याहून नागपूरकडे जाताना राष्ट्रीय महामार्गावर शहापूर लागते. जवाहरनगरची आयुध निर्माणी याच परिसरात आहे. जिथे स्फोटके तयार होतात तिथे धोका कोठे आहे हे सर्वांना ठाऊक असते. त्याला कुंपण असते, नियम असतात, पहारा असतो. गावातल्या नित्याच्या भांडणांत जी दारू ठासलेली असते तिला यातले काहीच नसते. अहिंसेचा विचार करायचा तो या दुसऱ्या दारूच्या संदर्भात, असे आम्हाला वाटते.

१५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ही कल्पना. गावोगावी समित्या झाल्या, दिवाणी, महसुली आणि फौजदारी तंट्यांची नोंद झाली, ते सामोपचाराने मिटवायचे ठरले आणि यशस्वी गावांना रोख पुरस्कार मिळू लागले. या मोहिमेची सरसकट टिंगल करणे आम्हाला मान्य नाही. धुऱ्यावरून किंवा पांदणीवरून दोन भाऊ वर्षानुवर्षे तालुक्याला तारखा करतात आणि ज्या जमिनीसाठी भांडतात तिच्या मोलाहून अधिक पैसा वकिलाला देतात, हे दृश्य विदर्भात नवे नाही. अशा दोघांना चार वडीलधाऱ्यांनी एका ओट्यावर बसवले तर ते पुण्याचेच काम होय.

परंतु साहित्याच्या अभ्यासकाने शब्दांकडे थोडे संशयाने पाहावे. ‘तंटा मिटला’ या वाक्यात कर्ता आहे तो तंटाच. ‘मिटणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. तंटा कोणी मिटवला, कोणी काय सोडले, कोणाला गप्प बसावे लागले, यातले काहीच ते सांगत नाही. डोळेही मिटतात आणि तंटाही मिटतो. मराठीने दोन्हींसाठी एकच क्रियापद ठेवले आहे, हा योगायोग आम्हाला बोलका वाटतो. समितीच्या नोंदवहीत ‘आपसात समेट झाला’ एवढेच उरते. समेट बरोबरीच्या माणसांत होतो. जिथे बरोबरी नाही तिथे त्याच शब्दाखाली शरणागती लपू शकते.

हा केवळ व्याकरणाचा खेळ नाही. याच भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. वडील भैयालाल तेवढे वाचले. या कुटुंबाचा शेतजमिनीचा वाद गावाला ठाऊक होता. त्याआधी झालेल्या एका मारहाणीच्या प्रकरणात मायलेकींनी साक्षीदार म्हणून जबाब दिला होता. त्यांनी काठी उचलली नाही, त्या कायद्याकडे गेल्या. संघर्ष शांततेने सोडवण्याचा याहून सभ्य मार्ग कोणता? २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले आणि २०१० साली उच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. मात्र या दोन्ही न्यायालयांत अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. त्या दोघींनी ‘सामोपचाराने’ जबाब दिलाच नसता तर कदाचित गाव शांत राहिले असते. त्या शांततेला अहिंसा म्हणायची आमची तयारी नाही.

मग अहिंसा कशाला म्हणावे? आम्हाला महाड आठवते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संतप्त अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून रोखले. त्याच वर्षी डिसेंबरात, न्यायालयाचा मनाई हुकूम असताना, हजारोंच्या जमावाने सत्याग्रह तहकूब करण्याचा त्यांचा सल्ला मानला. पण त्यांनी तळ्यावरचा हक्क सोडला नाही. मुंबई उच्च न्यायालयात त्यावर शिक्कामोर्तब व्हायला १९३७ साल उजाडले. हात आवरलेला आणि मागणी न आवरलेली, असे ते दशक होते. ज्या गांधींचे नाव मोहिमेला दिले आहे त्यांच्या सत्याग्रहातही तत्त्वाच्या प्रश्नावर तडजोड बसत नव्हती. या दोघांचे मतभेद तीव्र होते, तरी या एका बिंदूवर ते फार दूर नाहीत.

तेव्हा शहापूर असो की आणखी कोणते गाव, समेटाच्या कागदावर अंगठा उमटण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले जावेत. दुबळ्या बाजूला ‘नाही’ म्हणण्याची सोय होती काय? तिने जे सोडले ते तिच्या हक्काचे होते काय? आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच वाटेने, त्याच विहिरीवर, भीतीवाचून जाऊ शकते काय? उत्तरे समाधानकारक असतील तर तो समेट खरा, आणि पुरस्कार त्यालाच मिळावा. नसतील तर प्रकरण न्यायालयात जाऊ द्यावे. न्यायालयात चाललेला तंटा हेही गावाच्या निरोगीपणाचे लक्षण असू शकते. माणसे हत्याराऐवजी कागद घेऊन भांडत आहेत, एवढे तरी त्यातून कळते.

वर्गात कथा शिकवताना शेवटी सगळे गोड झाले की आम्ही शिक्षक समाधानाने पुस्तक मिटतो. तो गोडवा कोणाच्या वाट्यातून आला, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी आम्हाला विचारायला हवा. अहिंसेचे शिक्षण तिथूनही सुरू होऊ शकते.