मेंदूतला मऊ धागा टिकणार किती?

मेंदू खरवसासारखा मऊ. सिलिकॉनची सुई त्याच्या कोट्यवधी पट ताठ. डोके हलले की मेंदू आत किंचित सरकतो, सुई नाही. टोचणी चालूच राहते, भोवती व्रण धरतो आणि संदेश क्षीण होतात. म्हणून लवचिक धागे आले. न्यूरालिंकने जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूत असे ६४ धागे बसवले. त्यांतले काही मागे सरकल्याचे कंपनीने मे महिन्यात मान्य केले. हायड्रोजेल याहून मऊ, पण ते आत शिरतानाच वाकते! शिवाय पातळ आवरणातून शरीरातले खारे पाणी झिरपते. लकवा झालेल्या तरुणाला हे उपकरण पुढची कित्येक दशके लागणार. ते बिघडल्यास कोण काढणार, कोणाच्या खर्चाने, हे नियामकांनी परवानगीपूर्वीच विचारायला हवे.